जीव वाचल्यानंतरच्या नऊ भेटी

मोखाडा तालुक्यात डोंगरमाथ्यावर वसलेल्या सूर्यमाळसारख्या गावी एखाद्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, तर त्यास वाचविण्यासाठी सारा पाडा धावतो. कोणी गाडी मिळवितो, कोणी पैसे उभे करतो, कोणी रुग्णाच्या उशाशी दवाखान्यात रात्र काढतो. डॉक्टर व परिचारिका आपल्याकडून शर्थ करतात. चार-सहा दिवसांनी रुग्ण आपल्या पायांनी चालत घरी येतो आणि संकट टळले असे समजून जो तो आपापल्या कामास लागतो.

वस्तुतः संकट टळलेले नसते. ज्या दुःखाने त्या माणसास त्या टोकापर्यंत नेले, ते दुःख घरी तसेच असते. त्यात आता लोकलाजेची व दवाखान्याच्या खर्चाची भर पडलेली असते. एकदा असा प्रयत्न केलेल्या माणसास पुन्हा तसा प्रयत्न करण्याचा धोका इतरांहून पुष्कळ अधिक असतो, आणि घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे व महिने सर्वांत जोखमीचे असतात, असे वैद्यकशास्त्रास आढळून आले आहे. भाताची लावणी उरकली म्हणून कोणी शेतकरी सुगीपर्यंत शेताकडे पाठ फिरवीत नाही. दवाखान्यातून घरी आलेल्या रुग्णाकडे मात्र नेमकी अशीच पाठ फिरविली जाते. ही पाठ फिरू नये म्हणून आरोग्य केंद्राने काय करावे आणि गावपातळीवरील सेवकांनी व शेतकऱ्यांनी त्यास हातभार कसा लावावा, याचा विचार येथे केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ व्यक्ती एकट्या महाराष्ट्रातील होत्या, आणि कोणत्याही राज्यातील हा सर्वांत मोठा आकडा होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्या म्हटले की विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू कापसाचा मुलूख डोळ्यांसमोर येतो. परंतु जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ आदिवासी भाग या प्रश्नापासून अलिप्त आहे असे समजून चालणार नाही. येथील अडचणी वेगळ्या आहेत, एवढेच.

येथील बहुतेक कुटुंबे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी समाजांची आहेत. उतारावरील वरकस जमिनीत नागली व वरई, खाचरात भात, आणि परसात थोडाफार भाजीपाला, असे शेतीचे स्वरूप आहे. पावसाळा सरला की पाण्याची ओरड सुरू होते. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे भिवंडी, वसई या बाजूच्या वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर कामास जातात आणि शिमग्याच्या सुमारास परततात. भट्टीमालकाकडून वा मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फेडता फेडता पुढील वर्षाची उचल डोक्यावर चढते. घरातील आजारपण, दारू, नवरा-बायकोतील तंटे, तरुणांच्या लग्नाच्या वा शिक्षणाच्या अडचणी यांची त्यात भर पडते. आत्महत्येस एकच एक कारण क्वचितच असते. अनेक ओझी एकावर एक चढतात आणि त्यातच मनाचा आजार जडला, तर सुटकेचा मार्ग दिसेनासा होतो.

मनाचा आजार हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, कामात लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत राहणे, ही औदासीन्याच्या आजाराची लक्षणे होत. हा आजार हिवतापासारखाच कोणालाही होऊ शकतो आणि उपचाराने बरा होऊ शकतो. तो आळस नव्हे, भित्रेपणा नव्हे आणि देवाचा कोपही नव्हे.

पहिला तास

विषारी पदार्थ पोटात गेला असेल, तर पहिला तास फार मोलाचा असतो. त्या वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या :

१) १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दूरध्वनीचा संपर्क लागत नसेल वा गाडी येण्यास उशीर होणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने खोडाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जे जवळ पडेल तेथे रुग्णास न्यावे.

२) उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी, ताक वा अन्य काहीही पाजू नये. घशात बोटे घालू नयेत. उलटीचा अंश श्वासनलिकेत जाऊन प्राणावर बेतते.

३) रुग्णास कुशीवर निजवावे. औषध अंगावर सांडले असल्यास कपडे काढून अंग पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने स्वतःचे हात जपावेत.

४) बाटली किंवा वेष्टन बरोबर न्यावे. त्यावरील नाव वाचून डॉक्टरांना उतारा निवडता येतो.

५) काय घडले ते डॉक्टरांना खरे सांगावे. लाजेपोटी वा पोलिसांच्या भीतीने 'साप चावला' किंवा 'पोटात दुखत होते' असे सांगितले जाते. त्यामुळे उपचाराची दिशा चुकते.

भगताकडे जाण्याची रीत या भागात आहे. भगताशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. उलट, असा रुग्ण आल्यास क्षणाचाही विलंब न लावता त्यास दवाखान्यात पाठवावे, असे भगतास आधीच समजावून ठेवावे. त्याच्या शब्दाला पाड्यावर मान असतो. तो मान रुग्णाच्या उपयोगी पडेल.

कायद्याची भीती नको

आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ अन्वये पूर्वी शिक्षापात्र गुन्हा होता. ती स्थिती आता राहिलेली नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरावे व तिच्यावर खटला चालवू नये, असे त्याच्या कलम ११५ मध्ये सांगितले आहे. पुढे १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात कलम ३०९ ठेवण्यात आले नाही. रुग्णालय अशा प्रसंगाची नोंद करते व पोलिसांस कळविते. ती कामकाजाची रीत आहे. तेवढ्यावरून रुग्णास शिक्षा होईल असे कोणी समजू नये.

याच कलम ११५ चा दुसरा भाग कमी लोकांस ठाऊक आहे. अशा व्यक्तीची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन करून पुन्हा तसा प्रसंग ओढवणार नाही असे पाहणे, हे त्या भागात शासनाचे कर्तव्य ठरविले आहे. म्हणजेच रुग्ण घरी गेल्यानंतर त्याची विचारपूस करणे हे कायद्याने सांगितलेले काम होय. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

दवाखान्यातील वागणूक

अशा रुग्णास दवाखान्यात पुष्कळदा बोलणी खावी लागतात. 'मरायचेच होते तर येथे कशाला आणले?' 'पोराबाळांचा तरी विचार करायचा होतास', असे उद्गार थकलेल्या कर्मचाऱ्याच्या तोंडून निघून जातात. त्यांचा परिणाम वाईट होतो. ज्यास आधीच आपण सर्वांना भार झालो असे वाटत आहे, त्याच्या मनात तीच समजूत घट्ट होते, आणि पुढे कितीही त्रास झाला तरी तो त्या दवाखान्याची पायरी चढत नाही. यास्तव वैद्यकीय अधिकाऱ्यापासून वॉर्डातील मदतनिसापर्यंत सर्वांनी त्याच्याशी इतर आजाऱ्यांप्रमाणेच वागावे.

रुग्ण शुद्धीवर येऊन बोलू लागला, की डॉक्टर, परिचारिका वा समुपदेशक यांपैकी एकाने त्याच्याजवळ शांतपणे बसावे. नातलगांस थोडा वेळ बाहेर थांबण्यास सांगावे. विशेषतः नव्याने सासरी आलेली मुलगी असेल, तर सासू वा नवरा समोर असताना ती खरे सांगणार नाही.

स्पष्ट प्रश्न विचारण्यास कचरू नये. जीव देण्याविषयी विचारले तर तो विचार रुग्णाच्या डोक्यात भरेल, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. आपुलकीने विचारल्यास रुग्णाच्या मनावरचा दाब हलका होतो, असाच अनुभव आहे. 'दादा, फार त्रास होतो तेव्हा जगू नये असे वाटते का?' 'आजही तसे वाटते का?' 'त्यासाठी काही ठरवून ठेवले आहे का?' असे एकामागून एक, घाई न करता विचारावे. वयाने वडील असेल त्यास बाबा, बाईस ताई किंवा मावशी म्हणावे. उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तरात उपदेश मिसळू नये. 'एवढे काय झाले?' असे म्हणण्यापेक्षा 'तुम्ही फार सोसले आहे' असे म्हटल्याने माणूस बोलता होतो.

रुग्णाने सांगितलेले चारचौघांत बोलू नये. पाड्यावर बातमी वाऱ्यासारखी पसरते. आजाऱ्याची माहिती गुप्त राखणे हा २०१७ च्या कायद्याने त्यास दिलेला हक्क आहे. मात्र जिवाला तात्काळ धोका दिसत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना व घरातील एका विश्वासू माणसास सांगावी लागेल, हे रुग्णास आरंभीच सांगून ठेवावे.

एक तासाचे बोलणे आणि नऊ भेटी

जागतिक आरोग्य संघटनेने या विषयी एक मोठा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण व चीन या पाच देशांत तो करण्यात आला. भारतातील ठिकाण चेन्नई हे होते. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ व्यक्ती त्यात होत्या. त्यांचे दोन गट केले. एका गटास नेहमीचा उपचार मिळाला. दुसऱ्या गटातील प्रत्येकास नेहमीच्या उपचाराखेरीज दोन गोष्टी दिल्या. पहिली, घरी जाण्यापूर्वी सुमारे एक तासाचे समजुतीचे बोलणे. दुसरी, पुढील १८ महिन्यांत ठराविक अंतराने नऊ वेळा भेटून वा दूरध्वनीवरून केलेली विचारपूस.

अठरा महिन्यांनंतर असे दिसले, की नेहमीचा उपचार मिळालेल्या गटात शेकडा २.२ व्यक्ती आत्महत्येने दगावल्या, तर नऊ भेटींच्या गटात शेकडा ०.२. या पद्धतीत महाग औषध नाही, यंत्र नाही, मोठे रुग्णालय नाही. कोणीतरी आपली आठवण ठेवून ठरल्या दिवशी विचारपूस करते, एवढीच ती गोष्ट आहे. मोखाड्यासारख्या दुर्गम तालुक्यास यापेक्षा सोयीची पद्धत सापडणे कठीण आहे.

भेटींचे वेळापत्रक येणेप्रमाणे : घरी परतल्यापासून पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या व अकराव्या आठवड्यात प्रत्येकी एक, आणि नंतर चौथ्या, सहाव्या, बाराव्या व अठराव्या महिन्यात प्रत्येकी एक. आरंभी भेटी दाट आहेत, कारण धोका तेव्हा अधिक असतो. पुढे त्या विरळ होत जातात, पण तुटत नाहीत.

हे वेळापत्रक या भागात जसेच्या तसे लावून चालणार नाही. त्यास येथील शेतीच्या व स्थलांतराच्या पंचांगाशी जुळवून घेतले पाहिजे. समजा, रुग्ण सप्टेंबरच्या आरंभी घरी आला. पहिल्या तीन भेटी सप्टेंबरातच पुऱ्या होतील. त्या वेळी तो गावातच असतो. चौथी भेट ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे ऐन भातकापणीत येईल. ती घरी न करता शेतावर वा खळ्यावर, काम थांबल्यावर करावी. पाचवी भेट नोव्हेंबरच्या मध्यास व सहावी जानेवारीच्या आरंभी येते. त्या वेळी घराला कडी लागलेली असेल आणि कुटुंब भट्टीवर गेलेले असेल. येथेच भेटींची साखळी तुटण्याचा मोठा धोका आहे. यास्तव चौथ्या भेटीतच कुटुंब कोठे जाणार, मुकादम कोण, कोणत्या क्रमांकावर बोलता येईल, हे विचारून नोंदवहीत लिहावे. भट्टीजवळच्या आरोग्य केंद्राचे नाव रुग्णास लिहून द्यावे. पाचवी व सहावी भेट दूरध्वनीवरून करावी. सातवी भेट मार्चच्या आरंभी येते. शिमग्यास माणसे परततात, तेव्हा ती समक्ष करावी. आठवी भेट पुन्हा सप्टेंबरात येते. ज्या दिवसांत पूर्वी प्रसंग घडला तेच दिवस पुन्हा आलेले असल्याने ही भेट चुकवू नये.

भेट कोणी द्यावी, हे रुग्णास विचारून ठरवावे. आशा कार्यकर्ती त्याच पाड्यावरची असेल, तर कोणास ती जवळची वाटेल आणि कोणास तिच्यापाशी बोलणे अवघड जाईल. तसे असल्यास उपकेंद्राच्या परिचारिकेने जावे. जो जाईल त्यानेच शक्यतो शेवटपर्यंत जावे. दर वेळी नवा माणूस आल्यास रुग्णास पुन्हा पहिल्यापासून सारे सांगावे लागते.

भेटीत काय करावे

भेट लांबविण्याची गरज नाही. पुढील पाच गोष्टी झाल्या म्हणजे ती पुरी झाली :

१) झोप, जेवण, काम व दारू यांविषयी विचारावे.

२) जगू नये असे अजून वाटते का, हे स्पष्ट विचारावे. पहिल्या भेटीत विचारले म्हणून पुढे वगळू नये.

३) डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील, तर त्या चालू आहेत का ते पाहावे. औदासीन्यावरील औषधाचा गुण दिसण्यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून रुग्ण गोळ्या सोडतो. हे त्यास व घरच्यांस समजावून सांगावे. गोळ्यांचा साठा एकदम देऊ नये. थोड्या दिवसांच्याच द्याव्या व त्या घरातील जबाबदार माणसाच्या हाती ठेवाव्या.

४) अडचणीच्या घडीसाठीचा कागद पाहावा. हा कागद रुग्णाबरोबर बसून दवाखान्यातच तयार करावयाचा असतो. मन बिघडू लागल्याची खूण कोणती, त्या वेळी काय केल्याने बरे वाटते, कोणाकडे जाऊन बसता येईल, कोणास बोलावता येईल, हे त्यावर रुग्णाच्याच शब्दांत लिहावे. वाचता येत नसेल, तर खुणांची चित्रे काढावी व घरातील एकास ती समजावून द्यावी.

५) पुढील भेट कधी ते सांगावे, आणि सांगितल्या दिवशी जावे. दिलेला शब्द पाळला जाणे हाच या उपचारातील मुख्य भाग आहे.

विषारी औषधांपासून अंतर

जीव देण्याचा अतितीव्र आवेग पुष्कळदा थोडा वेळ टिकतो. तेवढा वेळ निभावून गेला की माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणून त्या घटकेस घातक वस्तू हाताशी नसणे याला फार महत्त्व आहे. शेतीखात्याचा या प्रश्नाशी सर्वांत निकटचा संबंध येथे येतो.

श्रीलंकेत १९९५ नंतर टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घालण्यात आली. पुढील वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. बंदीमुळे पिकांचे उत्पन्न घटल्याचे मात्र आढळले नाही. भारत सरकारनेही २०१८ च्या आदेशाने काही विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली. दुकानात शिल्लक असलेली बंदी घातलेली औषधे घेऊ नयेत व अशी विक्री दिसल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यास कळवावे.

घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटल्या म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. श्रीलंकेतच १८० गावांत अशा पेट्या देऊन पाहण्यात आले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पेट्यांमुळे विषप्राशनाच्या प्रकारांत घट झाल्याचे दिसले नाही. पेटी घरात आणि किल्लीही घरातच, असे असेल तर खरे अंतर पडत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात वेगळा मार्ग अनुसरण्यात आला. तेथे गावात एक सामायिक कोठार उभारले, प्रत्येक शेतकऱ्यास त्यात आपला कप्पा दिला आणि कोठारावर देखरेखीस माणूस ठेवला. अशी व्यवस्था शेतकऱ्यांस मान्य होते व उपयोगी पडते, असे तेथे दिसून आले.

सूर्यमाळच्या परिसरात नागली-वरईस फवारणी क्वचितच लागते. भाजीपाला, मोगरा यांसाठी व काही वेळा भातासाठी औषध आणले जाते, आणि उंदरांचे औषध तर पुष्कळ घरांत असते. येथे पुढील शिस्त पाळणे मुळीच अवघड नाही. लागेल तेवढेच आणावे. उरले तर चुलीपाशी, आढ्याला वा धान्याच्या कणगीमागे ठेवू नये. ते बचत गटाच्या वा शेतकरी गटाच्या सामायिक जागेत कुलपात ठेवावे. ज्या घरी नुकताच असा प्रसंग घडला आहे, त्या घरातील सर्व औषधे रुग्ण दवाखान्यातून परतण्यापूर्वीच घराबाहेर हलवावी. हे काम शेतीखात्याच्या सेवकाने आशा कार्यकर्तीच्या सूचनेवरून, गाजावाजा न करता करावे. पिकाला औषध हवेच असेल, तर शेजाऱ्याने फवारणी करून द्यावी.

विदर्भातील अनुभव

गावपातळीवरील साध्या कार्यकर्त्यांस हे काम झेपेल काय, अशी शंका घेतली जाते. तिचे उत्तर महाराष्ट्रातच मिळालेले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातीलच कार्यकर्ते औदासीन्याची लक्षणे ओळखून प्राथमिक मदत करीत, समुपदेशक पुढील काम पाहात, आणि गरज पडेल त्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवीत. कार्यक्रमापूर्वी औदासीन्याने ग्रस्त असलेल्यांपैकी शेकडा ४.३ जणांनाच काही मदत मिळत होती. सुमारे दीड वर्षानंतर हे प्रमाण शेकडा २७.२ झाले. वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५.२ वरून २.५ वर आले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत सुरू केलेल्या 'प्रेरणा' प्रकल्पातही आशा कार्यकर्त्यांकडून घरोघरी विचारपूस करून ताणाखालील शेतकरी शोधण्याची पद्धत ठेवण्यात आली. हातास वळण मिळाले, तर गावचा माणूस हे काम करू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

गावपातळीवरील सेवकांचे काम

शेतीखात्याचा वा ग्रामपंचायतीचा सेवक हा डॉक्टर नव्हे, आणि त्याने डॉक्टर होऊ नये. परंतु आरोग्य सेवकाच्या आधी त्याच्याच नजरेस काही गोष्टी पडतात. नेहमी नीटनेटके असणारे शेत ओस पडणे, बैठकीस नियमाने येणारा शेतकरी दिसेनासा होणे, एकाएकी जनावरे वा अवजारे देऊन टाकणे, दारू वाढणे, 'आता माझे काही राहिले नाही', 'मी नसलो तर बरे होईल' असे बोलणे, या धोक्याच्या खुणा होत. त्या दिसल्यास त्याने जवळ बसून विचारावे, एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी आशा कार्यकर्तीस वा आरोग्य केंद्रास कळवावे.

दुसरे काम त्याचे खास स्वतःचे आहे. रुग्णाच्या दुःखाचे मूळ पुष्कळदा व्यवहारात असते. पीकविम्याचा अडकलेला दावा, नुकसानीचा न झालेला पंचनामा, शिधापत्रिकेतील चूक, वनहक्काचा रखडलेला दावा, वटवून घेतलेली मजुरी, या गाठी डॉक्टरांना सोडविता येत नाहीत. सेवकाने रुग्णाच्या संमतीने यांपैकी एकतरी गाठ हाती घ्यावी आणि ती सुटेपर्यंत पाठपुरावा करावा. सर्व अडचणी एकदम दूर करण्याचे आश्वासन देऊ नये. एक काम पुरे झालेले दिसले, की पुढेही मार्ग निघेल असे माणसास वाटू लागते.

आश्रमशाळांतील मुलांकडेही असेच लक्ष हवे. घरापासून दूर राहणारे मूल एकाएकी गप्प झाले, तर शिक्षकांनी वा अधीक्षकांनी शिक्षा न करता विचारपूस करावी व आरोग्य केंद्रास कळवावे.

केव्हा थांबू नये

जीव देण्याचे ठरविले आहे असे रुग्ण सांगत असेल, त्याने त्यासाठी तयारी केली असेल, त्यास नसलेले आवाज ऐकू येत असतील, किंवा तो दारूच्या अमलात तसे बोलत असेल, तर पुढील भेटीची वाट पाहू नये. एका माणसाने सतत त्याच्याजवळ राहावे व त्यास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, जव्हारचे कुटीर रुग्णालय आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक, असा पुढचा क्रम आहे. अधिक उपचारासाठी ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते व तेथे मराठीत बोलता येते. रुग्ण, नातलग वा सेवक, कोणीही तेथे विचारू शकतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर, उपकेंद्राच्या भिंतीवर व कीटकनाशकांच्या दुकानात ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. डोंगरात जेथे दूरध्वनी लागतो अशा जागा पाड्यावरील माणसांस ठाऊक असतात. त्या जागाही रुग्णाच्या कागदावर लिहाव्या.

हे काम करणाऱ्याचे मनही थकते, हे विसरता कामा नये. कधी सर्व प्रयत्न करूनही रुग्ण हातचा जातो. अशा वेळी आशा कार्यकर्तीस वा परिचारिकेस दोष देऊ नये. वैद्यकीय अधिकाऱ्याने तिच्याशी बोलावे. दगावलेल्याच्या घरीही भेटी द्याव्या, कारण मागे राहिलेल्यांच्या मनावरचा भार फार मोठा असतो.

प्रत्येक आरोग्य केंद्रात लसीकरणाची व बाळंतपणाची नोंदवही असते. तिच्या शेजारी आणखी एक लहान वही ठेवावी. तिच्यात प्रत्येक रुग्णापुढे नऊ घरे आखावी, प्रत्येक घरात भेटीची तारीख आधीच लिहावी आणि भेट झाली की खूण करावी. वही कुलपात ठेवावी. वैद्यकीय अधिकाऱ्याने ती दर आठवड्यास पाहावी, आणि एखादे घर रिकामे दिसले तर त्याच दिवशी कोणास तरी त्या पाड्यावर पाठवावे.